एडिनबरातील पबमधली संध्याकाळ: सहलीतील प्रवाशांसाठी माहितीपत्रक

आपल्या स्कॉटलंड सहलीतील एक संध्याकाळ आम्ही एडिनबराच्या फॉरेस्ट रोडवरील ‘सँडी बेल्स’ या पबसाठी राखून ठेवली आहे. पब म्हटले की आपल्याकडे काळोख, कानठळ्या बसवणारा डीजे आणि दारातला बाउन्सर डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र एका लहानशा जुन्या बारमध्ये लोकसंगीताची बैठक रंगते. लोकगीतांचे संग्राहक आणि कवी हॅमिश हेंडरसन (१९१९–२००२) येथे नित्यनेमाने येत असत.

अशा पबमध्ये मिळणारी ‘रिअल एल’ ही पिंपात भरल्यानंतरही आंबत राहणारी बिअर असते. तिच्यातील यीस्ट जिवंत असते आणि बाहेरून वायू न भरता, हातपंपाने ती तळघरातून वर ओढली जाते. गाळून, वायू भरून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या विरोधात १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि तिनेच ‘रिअल एल’ हे नाव रूढ केले. ही बिअर साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला दिली जाते. आमच्या मागील एका सहलीत एका काकांनी ‘गरम बिअर दिली’ म्हणून ग्लास परत पाठवला होता. तक्रार प्रामाणिक होती, पण बिअरचा दोष नव्हता. उघडलेले पिंप विरजलेल्या दह्यासारखेच असते, दोन-तीन दिवसांत संपवले नाही तर आंबट होते.

शाकाहारी प्रवाशांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. एल नितळ व्हावी म्हणून तीत बऱ्याचदा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. तो गाळासोबत तळाशी बसतो, तरीही ज्यांना तो चालत नाही त्यांनी मागवण्यापूर्वी काउंटरवर विचारून घ्यावे.

पेय काउंटरवर जाऊन स्वतःच आणायचे असते, पैसे तिथल्या तिथे द्यायचे असतात आणि टिप देण्याची प्रथा नाही. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. चव पाहण्यापुरता अर्धा पुरे. मद्यपानाचे वय १८ असले, तरी पंचविशीच्या आतील दिसणाऱ्यांकडे वयाचा पुरावा मागितला जातो, तेव्हा तरुण मंडळींनी पासपोर्ट सोबत ठेवावा.

संगीतासाठी मंच नसतो. वादक एका टेबलाभोवती बसतात, एक जण फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) धून सुरू करतो, ती ओळखीची असणारे एकेक करून त्यात मिसळतात, आणि दोन-तीन आवर्तनांनंतर कुणाच्या तरी मानेच्या इशाऱ्यावर, न थांबता, पुढची धून सुरू होते. त्यांच्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची बहुधा येणाऱ्या वादकासाठी असते, म्हणून विचारल्याशिवाय तीवर बसू नये. फर्माईश करू नये, आणि चित्रीकरणापूर्वी परवानगी घ्यावी.

स्वतंत्र गाडी घेतलेल्यांनी त्या दिवशी ती हॉटेलवरच ठेवावी, कारण स्कॉटलंडमधील मद्यमर्यादा (१०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम) इंग्लंडपेक्षा कडक आहे. पेयांचा खर्च सहलशुल्कात धरलेला नाही.