'शुक्रवारपर्यंत होईल' म्हणजे किती टक्के?

सकाळी साडेदहाचा कॉल. पुण्यात खराडीतलं ऑफिस, निम्मी टीम घरून. मॅनेजर विचारतो, "हे तिकीट कधी बंद होतंय?" पलीकडे क्षणभर शांतता, मग "शुक्रवारपर्यंत होईल." तिकीट म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेलं एकेक काम. त्याची तारीख तिथे चढते आणि काम झालेलं नसल्याने पुढच्या सोमवारी लाल होते. पंधरा वर्षं हा खेळ पाहतोय. लाल झालेल्यांत माझीही तिकिटं भरपूर आहेत.

हीच टीम दुपारी चहाच्या टपरीवर वेधशाळेची टर उडवते. छत्री आणली की ऊन, विसरली की पाऊस, वगैरे. पण शिवाजीनगरच्या ज्या वास्तूला आपण शिमला ऑफिस म्हणतो (हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून इथं आलं, नाव तेव्हापासून चिकटलं), त्या खात्याची एक सवय आमच्या कॉलवर कुणालाच नाही. ते मान्सूनच्या अंदाजासोबत तो किती चुकू शकतो हेही सांगतात. 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांनी देशात सरासरीच्या 106 टक्के पाऊस सांगितला, त्यात 5 टक्के कमी-जास्त धरून. सप्टेंबरअखेर तो 108 टक्के भरला. संध्याकाळच्या सरीचा अंदाज चुकतो, तो विषय वेगळा.

माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमी कमीच का करतो? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये या खोडीवर बोट ठेवलं. 1994 मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. आणि सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरलेला आकडाही कमीच पडला.

काम दोन दिवसांचं असतं हे खोटं नाही. पण आपण तेवढेच दोन दिवस मोजतो. कोड लिहून झाला की तिकीट रिव्ह्यूला पडून राहतं, टेस्टिंगचा सर्व्हर बसतो, एका शंकेचं उत्तर क्लायंटकडून यायला चार दिवस जातात. शिवाय चूक एकाच बाजूला वाढते. दोन दिवसांचं काम लवकर झालं तर दीड दिवसात होईल. लांबलं तर दोन आठवडेही खाईल. चांदणी चौकातून रोज हिंजवडीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग माणसाला विचारूच नये. प्रत्येक तिकीट कधी उघडलं, कधी बंद झालं, हे सॉफ्टवेअरमध्ये पडलेलंच असतं. समजा, गेल्या आठ आठवड्यांत टीमने बंद केलेली तिकिटं अशी: 5, 2, 7, 0, 4, 6, 3, 5. शून्य गौरी-गणपतीच्या आठवड्यातलं. सरासरी 4. बाकी तिकिटं 20, म्हणजे 5 आठवडे, असं कुणीही सांगेल. आता हे आठ आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा, आकडा मांडा, चिठ्ठी परत आत. बेरीज 20 होईपर्यंत किती वेळा हात घालावा लागला? तितके आठवडे. हे संगणकाकडून दहा हजार वेळा करून घ्या. पाच आठवड्यांत काम होण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त निघते. सहा आठवड्यांत 80 टक्क्यांच्या आसपास, सात आठवड्यांत 90 च्या वर. सरासरीवरून दिलेली तारीख म्हणजे जवळजवळ छापा-काटा.

या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम 1946 मध्ये आजारपणात एकट्याने पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळूनच मोजलेली काय वाईट, असं त्यांना वाटलं. पुढे अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत हीच युक्ती न्यूट्रॉनच्या प्रवासासाठी वापरली गेली. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले महासंगणक सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवतात. जातकुळी एकच.

एकेका तिकिटाला किती दिवस लागतील, यासाठी आणखी सोपा हिशेब आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो: हातात असलेली कामं भागिले बंद होण्याचा वेग. बारा तिकिटं उघडी आणि आठवड्याला चार बंद, तर एकेकाला सरासरी तीन आठवडे. वेग तोच ठेवून उघडी आठच ठेवली, तर दोन. कुणी जास्त राबलं नाही, फक्त एका वेळी कमी कामं हातात घेतली. माझ्या मते सगळ्या रंगीत आलेखांपेक्षा हा भागाकार उपयोगाचा, आणि मॅनेजर मंडळींना तोच सर्वांत कमी आवडतो. उघडी तिकिटं जास्त असली की टीम कामात दिसते ना!

डब्यातल्या चिठ्ठ्यांना अर्थात भविष्य कळत नाही. दोन अनुभवी माणसं नोकरी सोडून गेली, किंवा क्लायंटने मध्येच दहा तिकिटं वाढवली, तर जुने आकडे निरुपयोगी. चिठ्ठ्या बदलायच्या आणि दर सोमवारी हिशेब नव्याने मांडायचा. दिवाळीचा आठवडा समोर असेल तर त्याचं शून्य आपल्या हाताने धरावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना मात्र एकच आहे. मी त्यात सहा आठवड्यांची तारीख टाकतो आणि खाली वर्णनात तिन्ही टक्के लिहितो. ते आजवर फक्त आमच्या टेस्टरने वाचलेत.