संवर्धन-प्रजनन (प्राणिसंग्रहालयांतील)

नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या प्राण्यांची माणसाच्या देखरेखीखाली वीण घडवून आणणे, त्यांचा वंश टिकवणे आणि शक्य झाल्यास पुढची पिढी पुन्हा रानात सोडणे, याला संवर्धन-प्रजनन म्हणतात. हे काम प्राणिसंग्रहालये आणि त्यांना जोडलेली प्रजनन केंद्रे करतात. ते बहुधा प्रेक्षकांच्या नजरेआड चालते, कारण गर्दी-गोंगाटात बऱ्याच माद्या वितच नाहीत, व्यायल्या तरी पिलांना जवळ घेत नाहीत. सहलीला आलेली मुले जे पिंजरे पाहतात, त्यांचा या कामाशी संबंध असेलच असे नाही.

गोव्यात प्राणिसंग्रहालय एकच, बोंडल्याचे. फोंडा आणि सत्तरीच्या हद्दीवर, उसगावहून वर चढत गेले की लागणारे हे अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचे आहे. १९६९ मध्ये ते घोषित झाले आणि संग्रहालय त्याच्याच पोटात आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या वर्गवारीत ते लहान गटात मोडते. वस्तीत शिरलेला बिबटा, विहिरीत पडलेले जनावर, घरात निघालेला साप यांची सोय लावणे हे त्याचे रोजचे काम. राज्यप्राणी असलेला गवा बहुतेक गोंयकारांनी पहिल्यांदा जवळून पाहिला तो इथेच. जागा आणि मनुष्यबळ पाहता मोठा प्रजनन प्रकल्प बोंडल्याने हाती घ्यावा, ही अपेक्षा रास्त नाही. प्रत्येक संग्रहालयाने प्रजनन केलेच पाहिजे हा समज मुळात चुकीचा आहे.

गोव्याच्या रानाशी थेट नाते असलेला प्रयोग झाला तो हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात. पिसोरी, म्हणजे सशाहून थोडे मोठे, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेले खूरधारी जनावर, पश्चिम घाटात गोव्यापासून केरळपर्यंत आहे. पण ते रात्री फिरते आणि इतके बुजरे असते की रानाकाठच्या माणसांनाही क्वचितच दिसते. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या मदतीने तिथे २०१० पासून पिसोरींची पद्धतशीर पैदास सुरू झाली आणि पुढे काही जनावरे तेलंगणातील आम्राबाद व्याघ्र प्रकल्पात सोडली गेली. सोडण्याआधी त्यांना रानातच कुंपण घातलेल्या जागेत ठेवतात. तिथला चारा आणि आवाज अंगवळणी पडल्याशिवाय फाटक उघडत नाहीत.

पिसोरी लवकर वाढते, म्हणून हे जमले. गिधाडाचे तसे नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडे कोसळली. मेलेल्या ढोराच्या मांसातून औषध पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हरियाणातील पिंजोर येथे प्रजनन केंद्र उभे राहिले, पण त्याला अर्थ आला तो २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाल्यावर. विष तसेच ठेवून पक्षी सोडत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

अरबी ओरिक्स या हरणाची कथा याहून बोलकी आहे. धोका ओळखून १९६२ मध्येच काही जनावरे पकडून अमेरिकेत फिनिक्सच्या संग्रहालयात त्यांचा कळप वाढवायला सुरुवात झाली. रानातले शेवटचे ओरिक्स १९७२ मध्ये ओमानमध्ये मारले गेले, तेव्हा कामी आला तो हाच वंश. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ओरिक्स परत आले, वाढलेही. मग चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली आणि संख्या झपाट्याने खाली आली. ओमानने राखीव क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केल्यावर २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून काढून टाकले. जगाच्या यादीतून वगळले गेलेले ते पहिलेच स्थळ. शेजारच्या देशांतील प्रकल्पांमुळे मात्र ही जात आज रानात टिकून आहे.

या कामाचे खरे हत्यार पिंजरा नसून वंशावळीची नोंदवही आहे. कोणाचे आईबाप कोण, कोणाशी जोडी लावायची, कोणाची अजिबात लावायची नाही, हे तिच्यातून ठरते. त्यानुसार संग्रहालये आपसात प्राण्यांची देवघेव करतात आणि त्यासाठी प्राधिकरणाची परवानगी लागते. मूळ जोड्या थोड्या असल्या की काही पिढ्यांतच रक्ताच्या नात्यात वीण होऊ लागते आणि दुबळी पिले जन्मतात. नोंदींकडे डोळेझाक झाली की काय होते ते पंजाबातील छतबीर प्राणिसंग्रहालयात दिसले. तिथे आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांचा संकर होऊन बसला आणि शेवटी त्या सिंहांची वीण थांबवावी लागली. पांढऱ्या वाघांची गोष्टही फार वेगळी नाही. १९५१ मध्ये रीवा भागात पकडलेल्या मोहन या नराची जोडी त्याच्याच मुलीशी लावून ती पैदास वाढवली गेली. गर्दी जमली, पण रानातल्या वाघाच्या संवर्धनात तिची भर शून्य.

उलट बाजूचीही अडचण असते. मगर बंदिस्त जागेत सहज वाढते. चेन्नईजवळच्या मगर केंद्रात त्या इतक्या झाल्या की पैदास आवरती घ्यावी लागली, कारण सोडायला मोकळे पाणी उरले नव्हते. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आजही आहेत, आणि फोंड्यातील काही गावांत पौष महिन्यात चिखलाची मगर घडवून तिला पुजतात, त्याला ‘मानगे थापणी’ म्हणतात. मोरजी, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण घालून पहारा ठेवला जातो आणि पिले फुटली की त्याच वाळूवरून समुद्राकडे जातात. अशा ठिकाणी प्राण्याला त्याच्या जागेवरून हलवावेच लागत नाही आणि खर्चही पैदास केंद्राच्या मानाने किरकोळ असतो.

खवले मांजराच्या बाबतीत मात्र अजून चाचपडणेच चालू आहे. मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या या प्राण्याचे पोट बंदिवासात भरणे कठीण. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयाने त्याची वीण घडवून दाखवली आहे. गोव्याच्या रानातही ते आहे, आणि खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते.