प्रतलाचा चौथा आकडा

प्रतल (सपाट पृष्ठ) आणि व्हेक्टर यांच्या डॉट प्रॉडक्टसाठी, म्हणजे घटक जोडीजोडीने गुणून केलेल्या बेरजेसाठी, डायरेक्टएक्समॅथ या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स-गणिताच्या लायब्ररीत तीन फंक्शन्स आहेत: प्लेनडॉट, प्लेनडॉटकोऑर्ड आणि प्लेनडॉटनॉर्मल. तिन्हींत गुणाकार-बेरीज तीच. फरक फक्त व्हेक्टरच्या चौथ्या घटकाचा, म्हणजे डब्ल्यूचा. पहिल्यात तो जो असेल तो, दुसऱ्यात 1, तिसऱ्यात 0.

प्रतल चार आकड्यांत लिहितात: पहिले तीन म्हणजे नॉर्मल, प्रतलाला लंब असलेली दिशा, आणि चौथा त्याचं ठिकाण ठरवतो. समजा प्रतल (0, 1, 0, -5) आहे. (2, 8, 3) हा बिंदू धरला तर उत्तर 8 - 5 = 3, म्हणजे तो प्रतलाच्या वर 3 एककांवर आहे. तेच आकडे दिशा म्हणून दिले तर उत्तर 8, कारण दिशेला ठिकाण नसतं आणि -5 ला तिथे काही काम उरत नाही. नॉर्मलची लांबी 1 नसेल तर अंतर चुकतं, चिन्ह मात्र बरोबर येतं.

डॉट प्रॉडक्ट आणि डब्ल्यू यांची घराणी वेगळी. हॅमिल्टन या गणितज्ञाला 1843 साली डब्लिनमध्ये क्वाटर्नियन, म्हणजे चार भागांच्या संख्या, सुचले, आणि त्यांच्या गुणाकाराच्या एका भागात डॉट प्रॉडक्ट उणे चिन्ह लावून दडलेला होता. 1880 च्या दशकात येलच्या गिब्जने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने आपापल्या वाटेने तो सुटा केला. क्वाटर्नियनवाल्यांना ते रुचलं नाही आणि कडाक्याचे वाद झाले. (पुढे रोटेशनसाठी ग्राफिक्सने क्वाटर्नियन पुन्हा जवळ केलेच.) डब्ल्यूची कल्पना त्याहून जुनी, मोबियस या जर्मन गणितज्ञाने 1827 साली बिंदूंना वजनं देऊन मांडलेली.

दोन्ही धागे संगणकावर जुळवले लॅरी रॉबर्ट्सने, एमआयटीतल्या 1963 च्या प्रबंधात. हाच माणूस पुढे आर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजासाठी, ओळखला गेला. त्याने घनाकृतीची प्रत्येक बाजू चार आकड्यांचा स्तंभ म्हणून लिहिली. हे स्तंभ शेजारी ठेवले की एक मॅट्रिक्स होतं, आणि बिंदूला त्या मॅट्रिक्सने गुणलं की नुसत्या चिन्हांवरून तो आत आहे की बाहेर हे कळतं. माझ्या मते आजच्या प्लेनडॉटचं मूळ इथेच आहे.

1996 च्या 'क्वेक' या व्हिडिओ गेमने त्यात व्यवहार आणला. प्रतल एखाद्या अक्षाला लंब असेल तर गुणाकार करायचेच नाहीत, नुसती एक वजाबाकी. पण क्वेक चौथा आकडा अंतर म्हणून वजा करतो आणि डायरेक्टएक्स तो मिळवतो, त्यामुळे एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना आधी ते चिन्ह तपासावं लागतं.