वेल्डिंग बायकांना झेपत नाही, हे कोणी ठरवलं?

वेल्डिंग, फिटिंग, टर्निंग ही ताकदीची कामं. बायकांना झेपत नाहीत, म्हणून त्या प्रशिक्षणाला येत नाहीत, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही.

टिग वेल्डिंग घ्या, म्हणजे टंगस्टनच्या टोकाशी विजेची ज्योत पेटवून धातू वितळवत जोडण्याची पद्धत. एका हातात ते टोक धरणारी टॉर्च, दुसऱ्या हातात सांध्यात वितळवायची फिलर रॉड, आणि बरेचदा पायाखाली करंट कमीजास्त करणारं पेडल. टंगस्टनचं टोक धातूपासून २ ते ३ मिलिमीटरवर स्थिर धरायचं; जरा टेकलं की टोक पुन्हा घासून घ्या. कस लागतो तो मनगटाचा आणि नजरेचा. जड जॉब, म्हणजे जोडायचा धातूचा भाग, उचलायला चेनब्लॉक (साखळीची कप्पी) असतो, पुरुषांसाठीही असतोच की!

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायका वेल्डिंग शिकून विमानांचे भाग जोडत होत्या. १९१९ च्या कायद्याने युद्धापूर्वीची कामाची पद्धत परत आणली आणि कारखान्यांतल्या बायकांना जागा सोडाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांत हजारो बायका पुन्हा वेल्डर झाल्या. मधल्या २० वर्षांत बायकांचे हात काही बदलले नव्हते.

अडतं ते दारातच: मापाचे हातमोजे नाहीत, वर्कशॉपजवळ स्वच्छतागृह नाही, आणि शिकाऊ उमेदवार घेताना मिस्त्रीला आधी ओळखीतला पोरगाच आठवतो.