रायडिंग जॅकेटची धुलाई

मोटारसायकलवरून पडल्यास कातडी सोलू नये आणि खांदा, कोपर, पाठ यांना मार बसू नये म्हणून घालायचे जाड जॅकेट म्हणजे रायडिंग जॅकेट. थंडीत घालतात त्या जर्किनहून ते वेगळे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे, जॅकेट नाही. त्यामुळे विदर्भाच्या खेड्यांत ते अजून हौसेची वस्तू समजले जाते. नोकरीसाठी रोज तालुक्याला ये-जा करणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, पार्सल पोहोचवणारी पोरे आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याचा घाट चढणारे हौशी यांच्या अंगावर ते दिसते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी असल्याने हा प्रवास जुन्या रस्त्यांवरून होतो आणि शेवटचे दोन-चार किलोमीटर अनेकदा पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने. जॅकेट खरे मळते ते तिथे.

खेड्यातली धुण्याची रीत म्हणजे दगडावर आपटणे, मोगरीने बडवणे, दोघांनी दोन टोके धरून पिळणे आणि कडक उन्हात तारेवर टाकणे. धोतर-लुगड्याला ती चांगलीच मानवते. रायडिंग जॅकेटला यातली एकही गोष्ट चालत नाही.

घडण

बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे किंवा कॉर्ड्युरासारख्या जाड नायलॉनचे असते. उन्हाळी प्रकारात छातीला आणि बाह्यांना जाळी असते. काही जॅकेटांत घासल्या जाणाऱ्या जागी अ‍ॅरामिड या चिवट कृत्रिम धाग्याचा थर देतात. आत पावसाचे आणि थंडीचे, अशी काढता येणारी अस्तरे असतात. खांदा, कोपर आणि पाठ यांच्या खिशांत धक्का शोषणारी पॅड बसवलेली असतात. युरोपीय मानक ईएन १६२१-१ नुसार खांद्या-कोपराच्या पॅडवर ५० ज्यूलचा आघात करून पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल जाण्याची मुभा आहे, दुसऱ्या पातळीच्या पॅडमधून २० पर्यंत; आकडा जितका कमी तितके संरक्षण जास्त. पाठीच्या पॅडसाठीच्या ईएन १६२१-२ या मानकात हेच आकडे १८ आणि ९ आहेत. स्वस्त जॅकेटच्या पाठीच्या खिशात मात्र अनेकदा साध्या फोमचा तुकडाच निघतो, आणि तो कळतो पहिल्यांदा धुवायला काढल्यावर.

मळाचे प्रकार

विदर्भातला मळ सगळीकडे सारखा नाही. कपाशीच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या भागांत, मुख्य शत्रू काळी माती. तिच्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि ओले झाले की फुगतात. ओला चिखल चोळला तर तो कापडाच्या विणीत शिरतो आणि मग करडा डाग दोन-तीन धुण्यांतही हटत नाही. म्हणून चिखलाने भरलेले जॅकेट आधी तसेच टांगून ठेवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि सुकलेली ढेकळे मऊ ब्रशने झाडून टाकावीत. घरात पाय ठेवताच जॅकेट बादलीत बुडवणारा माणूस कामसू वाटतो, पण तो काम वाढवून ठेवतो.

वणी, घुग्गुस, चंद्रपूर या खाणपट्ट्यात कोळशाची भुकटी बसते. ती ओल्या फडक्याने पुसली की काजळासारखी पसरते, तेव्हा आधी झटकणे आणि मग धुणे हाच क्रम. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात पावसाळी संध्याकाळी छातीवर किड्यांचा सडा पडतो. तिथे ओले फडके पंधरा-वीस मिनिटे ठेवले की किडे नरमतात आणि न घासता निघतात. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू वेल्क्रोत अडकून त्याची पकड जाते. जुन्या दातब्रशने ते उकरून काढावे लागतात. उन्हाळ्यात घामाचे पांढरे नकाशे पाठीवर उमटतात, ते क्षाराचे असतात आणि साध्या पाण्याने जातात.

फवारणीचे औषध हा मळ वेगळ्याच जातीचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जॅकेट घालून कोणी फवारत नाही, पण तेच जॅकेट फवारणी पंपावर टांगले जाते, किंवा औषधाचा डबा गाडीला बांधून नेताना त्यावर शिंतोडे उडतात. असे जॅकेट घरच्या कपड्यांसोबत भिजवू नये. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, दोन-तीन पाण्यांतून धुवावे. मूळ घट्ट औषधाने ते भिजले असेल तर धुण्याचा विचारही न करता टाकून द्यावे, मग ते कितीही महाग असो.

पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथले भूजल खारे. बोअरच्या अशा पाण्यात धुतलेले काळे जॅकेट वाळले की शिवणींवर पांढरी रेघ उमटते. जड पाण्यात अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणवडीला फेस येत नाही. साबण कॅल्शियमशी मिळून चिकट थर बनतो आणि तो जाळीच्या छिद्रांत बसतो. म्हणून वडीऐवजी सौम्य पातळ डिटर्जंट वापरावे आणि निदान शेवटचे खळबळणे नळयोजनेच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करावे. रिठ्याचे पाणीही सौम्य असते, मात्र फिक्या रंगाच्या जॅकेटवर त्याची पिवळसर झाक राहू शकते.

बहुतेक जॅकेटांच्या आतल्या चिठ्ठीवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे महिनाअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, छतावरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हात पोळावा इतके तापते आणि ही मर्यादा सहज ओलांडते. पहाटेचे पाणी घ्यावे.

धुण्याची पद्धत

सुरुवात खिसे रिकामे करण्यापासून होते, आणि पॅड काढण्यापासून. सगळी पॅड बाहेर काढावीत. पण त्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्यावा, कारण डावे-उजवे आणि वरची-खालची बाजू नंतर आठवत नाही. पॅड पाण्यात बुडवत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवतात. अस्तरे सोडवून वेगळी धुवावीत. चेन लावून, वेल्क्रो मिटवून जॅकेट उलटे करावे, नाहीतर वेल्क्रोचे आकडे अस्तर ओरबाडतात.

मोठ्या टबात पाणी आणि थोडे डिटर्जंट घालून जॅकेट पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे आणि तळहाताने दाबत राहावे. कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या मऊ ब्रशने हळू घासाव्यात. साखळीच्या तेलाच्या डागावर रॉकेल किंवा पेट्रोल लावायची गॅरेजची सवय इथे घातक. त्याने शिवणींतून पाणी शिरू नये म्हणून आतून चिकटवलेल्या पट्टीचा डिंक सुटतो आणि पाणी अडवणारा पडदा खराब होतो. भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब पुरतात. पांढरे करणारी ब्लीचिंग पावडर नायलॉन आणि अ‍ॅरामिड दोन्हींची ताकद खाते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावणही नको: ते पावसाच्या अस्तराची घामाची वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे बुजवते. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे, कारण उरलेला साबण नंतर पावसाचे पाणी ओढून घेतो. चिठ्ठीवर परवानगी असेल तर मशीन चालते, पण हलक्या फेऱ्यावर. सेमी ऑटोमॅटिकच्या सुकवणीच्या टबात पावसाचे अस्तर घातले तर पाणी त्याच्या पोटात अडकते आणि टब थडथडू लागतो.

किती वेळा धुवावे याला नियम नाही. रोज वापर असेल तर आतले अस्तर उन्हाळ्यात पंधरवड्याला आणि बाहेरचे कापड मृग लागण्याआधी एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा, एवढे पुरे होते.

वाळवणे

पिळू नये. बाजेवर जुनी चादर टाकून त्यावर जॅकेट पसरावे, पाणी निथळू द्यावे, मग रुंद खांद्याच्या हँगरवर छपरीत टांगावे. अंगणातली तपन फुकटची म्हणून तिथे टाकायचा मोह होतो, पण अतिनील किरणांनी नायलॉन आणि अ‍ॅरामिड दोन्ही हळूहळू ठिसूळ होतात. लोखंडी तारेचा गंज लागतो तो वेगळाच. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की सावलीतही जॅकेट अर्ध्या दिवसात वाळते. श्रावणात मात्र दोन-तीन दिवस लागतात आणि कुबट वास धरतो. तेव्हा पंख्याखाली टांगावे. कुलरसमोर ठेवणारे पुष्कळ असतात, पण कुलर ओली हवा फेकतो.

पाण्याचा थेंब कापडावरून न ओघळता मुरू लागला की पाणीरोधक लेप झिजला असे समजावे. धुऊन वाळल्यावर फवारायचे द्रावण बाजारात मिळते. मेणबत्तीचा तुकडा दात्यांवरून फिरवला की धुळीने अडलेली चेन सरकू लागते.

चामड्याचे जॅकेट

ते बुडवून धुतच नाहीत. कोरडे झटकावे, किंचित ओल्या फडक्याने आणि चामड्याच्या साबणाने पुसावे, सावलीत वाळवून चामड्याचे क्रीम लावावे. चपलेला एरंडेल लावायची आपली जुनी रीत जॅकेटवर चालवू नये. तेलाने कातडे सैल पडते आणि वर फुफाटा चिकटतो. पावसाळ्यात पेटीत किंवा पॉलिथिनमध्ये कोंडले की पांढरी बुरशी येते. ती घराबाहेर कोरड्या फडक्याने झाडावी.

पुन्हा जोडणे

पॅड आणि खिसा दोन्ही पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पॅड बसवत नाहीत. बसवल्यावर अंगात घालून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून पाहावे: कोपराचे पॅड कोपरावरच राहते की दंडाकडे सरकते? याच वेळी शिवणी तपासाव्यात. एकदा पडताना मार घेतलेले, चिरलेले किंवा दबून पुन्हा न फुगलेले पॅड बदलावे. बरेच दिवस खुंटीवर टांगलेले जॅकेट घालण्याआधी बाह्या झटकून घेतात, कारण खेड्यातल्या घरात विंचवालाही अशी उबदार जागा आवडते.