दिवाळखोर आणि नादार

‘दिवाळखोर’ ही आपल्याकडे जवळपास शिवीच. पेढी बुडाली की भर दिवसा दारात दिवा लावायचा, त्यावरून ‘दिवाळे’ आले, असे सांगतात. कायद्याच्या मराठीतला शब्द मात्र निराळा आहे: नादार. ज्याच्याकडे काही नाही, तो. एकात ठपका आहे, दुसऱ्यात नुसती परिस्थिती.

इंग्लंडच्या १५४२ च्या कायद्याने दिवाळखोराला सरळ गुन्हेगार मानले. १७०५ च्या कायद्याने सगळे प्रामाणिकपणे उघड करणाऱ्या व्यापाऱ्याला उरलेल्या देण्यातून मोकळे केले. लपवाछपवी करणाऱ्याला मात्र त्याच कायद्यात फाशी होती.

आपल्याकडे हा बदल घडवला तो शेतकऱ्याने. जुन्या रिवाजात सावकार दारात धरणे धरून बसे, पण दामदुपटीचा नियमही होता: व्याज मुदलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. इंग्रजी कोर्टे आली आणि खतावरचा, म्हणजे कर्जरोख्यावरचा, अंगठा हाच पुरावा ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दाव्यासाठी तीनच वर्षे ठेवली. हेतू कर्जदाराच्या बचावाचा, झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुदलात जाई. पुढे हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा निकाल, मग जप्ती, नाहीतर दिवाणी कैद, म्हणजे देणे न फेडल्याबद्दलचा तुरुंग.

अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सारा वाढला होताच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती खते, आणि ती जाळली गेली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. खतावर काय लिहिले आहे तेवढेच न पाहता व्यवहाराचा मुळापासून हिशेब कोर्टाने काढायचा, असेही ठरले. माझ्या मते यातली खरी क्रांती ही दुसरी तरतूद.

दिवाणी कैद मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत राहिली, आजही आहे. तिची गंमत अशी की कैद्याचा भत्ता सावकाराने भरायचा, आणि सुटून आल्यावरही कर्ज तसेच. नुसत्या ऐपत नसण्यासाठी माणसाला कोंडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात ठणकावून सांगितले.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्या, घर नसलेल्या माणसाला देणे माफ करून नवी सुरुवात देण्याची तरतूद आहे. पण व्यक्तींसाठीच्या भागातून २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. बाकीच्यांसाठी मुंबईत १९०९ चा आणि शहराबाहेर १९२० चा नादारी कायदाच चालू राहिला.