मूल कुठे आहे आणि मूल कोणाबरोबर आहे

"लक्ष ठेवा, म्हणजे कोणी पळवणार नाही आणि कोणी वाईटही वागणार नाही." हे एका दमात ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन वेगळे धोके आणि दोघांवर एकच मात्रा! संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही लैंगिक शोषण कलम ३४ मध्ये आहे आणि अपहरण ३५ मध्ये. आपण मात्र दोघांची एकच मोट बांधतो.

अपहरणाचं फार सांगत बसत नाही. गर्दीत हात सोडायचा नाही, शाळेतून न्यायला कोण येणार ते आधी ठरवायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. फक्त एवढंच, की तिथेही अनोळखी गाडीवाला हा अपवादच. अमेरिकेतल्या १९९९ सालच्या सरकारी अंदाजानुसार अनोळखी किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने सिनेमात दाखवतात तशी पळवलेली मुलं सुमारे ११५ होती. ताब्याचा हक्क धाब्यावर बसवून घरच्यांनीच नेलेली मुलं होती २ लाखांवर.

गोंधळ होतो तो पुढे. अपहरणात मूल जागेवरून हलतं, म्हणून मुलावर नजर ठेवली की काम भागतं. अत्याचारात बहुतेकदा मूल जिथे असायला हवं तिथेच असतं: घरात, शिकवणीला, नातेवाइकांकडे. म्हणूनच मनगटावरच्या जीपीएस घड्याळाचं कौतुक मला पटत नाही. मूल कुठे आहे ते घड्याळ सांगतं. कोणाबरोबर आहे, दार लोटलेलं आहे का, याबद्दल अवाक्षर नाही.

माझा एक मित्र रेल्वे स्टेशनवर मुलाचं मनगट असं धरतो की बोटांचे वळ उठावेत. त्याच दिवशी संध्याकाळी बुद्धिबळाचे सर आले, मुलाला घेऊन आतल्या खोलीत बसले, आणि दार मित्राने स्वतः लावून घेतलं. का, तर टीव्हीचा आवाज नको. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "अरे, अगदी घरच्यासारखे आहेत ते."

सर भले माणूस असतील, असणारच. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही, दाराचा आहे. ज्याला मुलाला फसवायचं असतं तो अनेकदा आधी आईबापांनाच जिंकतो: अडीनडीला धावतो, खाऊ आणतो, "तुम्ही जा, मी सांभाळतो" म्हणतो. तेव्हा 'घरच्यासारखा' हा पुरावा होत नाही. इथे लक्ष ठेवायचं ते मुलाच्या पावलांवर नाही, मोठ्यांना मिळणाऱ्या एकांतावर. दार उघडं, मध्येच कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन आत, आणि नियम सख्ख्या मामापासून नव्या सरांपर्यंत सगळ्यांना सारखा. मग कोणाचा अपमानही होत नाही.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" हा धडा तर मला मुळीच आवडत नाही. हरवलेल्या मुलाला मदत मागायला अनोळखी माणसांशिवाय असतं कोण? आणि चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की फसवणारा स्पर्श सुरुवातीला वाईट वाटेलच असं नाही. त्यापेक्षा 'मोठ्या माणसाने आईबाबांपासून लपवायला सांगितलेलं काहीही घरी सांगायचं' हे मुलाला चटकन कळतं. मात्र त्याने सांगितल्यावर "असं बोलू नये, मोठे आहेत ते" म्हणालात, तर ते पुन्हा सांगणार नाही.

हे सगळं मी मित्राला ऐकवलं. तो जरा घुश्शातच गप्प बसला. पुढच्या आठवड्यात गेलो तर टीव्ही बंद, आणि आतल्या दाराच्या फटीत एक चप्पल अडकवलेली. सरांना काही फरक पडलेला दिसला नाही. घोडा अडीच घरं कसा उडी मारतो, ते बाहेरच्या खोलीपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.